एकाच मालाला तीन रेट! भाड्याचे दर एकसारखे राहावेत म्हणून सॉफ्टवेअर वापरलंय का कुणी?

रस्तारूळ
नमस्कार मंडळी, जरा सविस्तर लिहितोय, वाचून घ्या प्लीज.

मी एका मध्यम आकाराच्या फ्रेट फॉरवर्डिंग कंपनीत प्रायसिंग बघतो. रस्ता, समुद्र, विमान तिन्ही प्रकारचा माल आम्ही हलवतो आणि रेट देणारी माणसं अकरा. गेल्या महिन्यात एका जुन्या कस्टमरने एकाच मालासाठी आमच्या दोन ऑफिसांना मेल केला आणि तिसऱ्या सेल्सवाल्याला फोन केला, मुद्दाम नव्हे, त्यांच्याकडे तीन वेगवेगळ्या माणसांनी विचारलं एवढंच. तिघांनी तीन रेट दिले. त्याने तिन्ही कोटेशनं एकाच मेलमध्ये जोडून मला पाठवली आणि खाली एकच ओळ, "यातला खरा रेट कोणता?"

मला दोन रात्री झोप लागली नाही या ओळीने.

मग मी तिघांनाही घेऊन बसलो. कुणीही चुकारपणा केला नव्हता. माल होता ६०×५०×४० सेंमीचे १० खोके, प्रत्यक्ष वजन १७० किलो, विमानाने. पहिल्याने घन सेंमीतल्या घनफळाला ६००० ने भागलं, चार्जेबल वेट (प्रत्यक्ष वजन आणि घनफळावरून काढलेलं वजन यातलं जे जास्त, भाडं त्यावर लागतं) आलं २०० किलो. दुसरा आधी कुरिअरमध्ये होता, त्याच्या हाताला ५००० ची सवय, त्याचं आलं २४० किलो. तिसऱ्याने वजन बरोबर काढलं पण रेटशीट वापरलं मुदत संपलेलं, त्याच्या फोल्डरमध्ये तेच सगळ्यात वर होतं म्हणून.

आता साहेबांचं म्हणणं सरळ आहे, सॉफ्टवेअर घ्या. तीन कंपन्यांचे डेमो लावलेत पुढच्या आठवड्यात. ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा, खरंच फरक पडतो का? आणि डेमोत काय विचारू?

दरपत्रक
डेमो पुढे ढकला. मनापासून सांगतोय, १४ वर्षं प्रायसिंग डेस्कवर आहे आणि दोन सॉफ्टवेअर बदलताना बघितलीत, पहिल्या वेळी आम्ही डेमोपासूनच सुरुवात केली आणि वर्षभराने सिस्टीममधून पण तीनच रेट निघत होते, फक्त आता त्यावर कंपनीचा लोगो छान दिसायचा.

कारण असं की नियमच कुठे लिहिलेले नव्हते. प्रत्येकाच्या डोक्यात होते आणि प्रत्येकाला वाटायचं की सगळ्यांच्या डोक्यात तेच आहेत.

दुसऱ्या वेळी मी एक काम केलं, तुम्हीही करा. मागच्या तीन महिन्यांतल्या ४० जुन्या इन्क्वायऱ्या काढल्या, कस्टमरचं नाव झाकलं आणि सहा जणांना स्वतंत्र बसवून रेट काढायला सांगितलं, एकमेकांशी बोलायचं नाही. मग सगळे आकडे एका मोठ्या शीटवर शेजारी शेजारी लावले. जिथे जिथे आकडे फुटले तिथे थांबून विचारायचं, तू हे कसं काढलंस. दोन दिवस लागले पण त्या दोन दिवसांत जे कळलं ते वर्षभराच्या मीटिंगांत कळलं नव्हतं. काही नमुने देतो.

मार्जिन आणि मार्कअप. आमचा नियम होता "२० टक्के ठेवा". खर्च १०० असेल तर अर्धे लोक १२० लावत होते, अर्धे १२५. दोघांचंही २० टक्केच, एकाचं खर्चावर आणि दुसऱ्याचं विक्रीवर. म्हणजे १२० वाल्याचं खरं मार्जिन १६.६७ टक्के. हे आमच्याकडे किती वर्षं चालू होतं देव जाणे.

इंधन अधिभार कशावर? मूळ भाडं १०००, डिस्काउंट १० टक्के, इंधन १५ टक्के. इंधन मूळ भाड्यावर लावलं तर १०५०, डिस्काउंट कापल्यावर लावलं तर १०३५. दोन्ही पद्धती चालतात, पण कंपनीत एकच असली पाहिजे.

राउंडिंग. विमानाच्या मालात वजन वरच्या अर्ध्या किलोला नेतात. एक खोका २०.४ किलो, असे १०. खोक्यागणिक राउंड केलं तर २०५, एकूण करून केलं तर २०४. एक किलोने काय होतंय असं वाटतं, पण महिन्याला हजारो पार्सलं असली की हाच एक किलो बिलिंगवाल्यांना रडवतो.

वेट ब्रेक, म्हणजे वजनाचा ठरलेला टप्पा ओलांडला की किलोचा रेट उतरतो. ९० किलो माल, ४५ किलोच्या वरचा रेट किलोला ५, १०० किलोपासूनचा ४.२०. ९० ला ५ ने गुणलं तर ४५०, पण १०० किलो धरून ४.२० लावला तर ४२०. कस्टमरला ४२० च द्यायला हवा. आमच्या सहापैकी दोघांना हे माहीतच नव्हतं, म्हणजे आमचे काही कस्टमर विनाकारण जास्त भरत होते.

आधी हे सगळं कागदावर आणा. किमान वीसेक नियम निघतील. मग डेमो.

सेल्सकट्टा
दुसरी बाजू मांडतो, कारण असल्या चर्चेत सेल्सवाल्याला गुन्हेगार ठरवून मोकळे होतात लोक.

दोन कस्टमर सारखे नसतात हो. एक दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी माल देतो, पॅकिंग नीट, पैसे १५ दिवसांत. दुसरा वर्षातून दोनदा येतो, लोडिंगला ट्रक चार तास उभा ठेवतो आणि पेमेंटला ९० दिवस. दोघांना एकच रेट दिला तर पहिल्यावर अन्याय आहे. परत, आमचा एखादा ट्रक रिकामा परत येणार असेल तर त्या मार्गावर मी कमी भाड्यातही माल उचलणार, रिकामा आणण्यापेक्षा डिझेल तरी निघतं.

आमच्या आधीच्या कंपनीत सिस्टीम आणली होती. रेट खाली करायचा तर अप्रूव्हल, अप्रूव्हल देणारा माणूस मीटिंगमध्ये, चार चार तास उत्तर नाही, तोपर्यंत कस्टमरने माल दुसऱ्याला दिलेला. शेवटी सगळे काय करायला लागले तर फोनवर रेट द्यायचा, माल उचलायचा आणि सिस्टीममध्ये नंतर काहीतरी भरायचं. म्हणजे कागदावर सगळं एकसारखं, प्रत्यक्षात पूर्वीपेक्षा वाईट, कारण आधी निदान एक्सेलमध्ये खरा आकडा तरी सापडायचा.

दरपत्रक
@सेल्सकट्टा, तुमचं सगळंच बरोबर आहे आणि माझ्या म्हणण्याच्या आड येत नाही. सगळ्यांना एकच रेट द्या असं मी म्हणतच नाही. तुमचा वक्तशीर कस्टमर आणि तो ९० दिवसवाला यांचे रेट वेगळे असणारच, पण ती कारणं (नियमित माल, पेमेंट, लोडिंगचा वेळ, परतीचा ट्रक) सिस्टीमला सांगता येतात. उद्या तुम्ही रजेवर गेलात आणि त्याच कस्टमरला तुमच्या सहकाऱ्याने कोटेशन दिलं तर तोच आकडा निघाला पाहिजे, एवढंच. आत्ता तो फरक फक्त तुमच्या डोक्यात आहे.

कोडखुंटी
मी प्रोग्रामर आहे, लॉजिस्टिक्स कंपन्यांसाठी रेट इंजिन, म्हणजे भाड्याचं गणित करणारे प्रोग्राम, लिहिण्यात सात वर्षं गेलीत. डेमोत काय विचारायचं ते मी सांगतो.

पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जुना रेट कधीही खोडला जाता कामा नये. नवा रेट आला की सिस्टीममध्ये जुन्याच्या जागी नवा टाइप करतात का, की नवी नोंद होते आणि प्रत्येक नोंदीला "कधीपासून" आणि "कधीपर्यंत" असतं, हे विचारा. खोडत असतील तर तिथेच उठा. सहा महिन्यांनी कस्टमर बिलावर भांडायला आला की त्या दिवशी कोणता रेट लागू होता हे दाखवता आलं पाहिजे.

यातच एक मेख आहे. लागू तारीख कोणती? कोटेशन दिलं ती, माल उचलला ती, की जहाजावर चढला ती? महिना बदलताना यावरूनच सगळी भांडणं होतात. प्रत्येक आकाराला वेगळी तारीख असू शकते हे सिस्टीमला कळलं पाहिजे. (इथे आकार म्हणजे चार्ज हो, साइझ नव्हे.)

दुसरं, कोटेशन सेव्ह करताना फक्त शेवटचा आकडा ठेवतात की पूर्ण फोड? कोणतं रेटशीट, कोणती आवृत्ती, भागाकार ६००० चा की ५००० चा, चलनाचा दर कोणत्या दिवसाचा, राउंडिंग कुठे केलं, डिस्काउंट कुणी दिला. फोड नसेल तर रेट का फुटला हे कधीच कळणार नाही.

तिसरं, वेबसाइट, सेल्सचं ॲप आणि बिलिंग या तिघांच्या मागे गणित करणारं इंजिन एकच आहे का? मी अशी कंपनी बघितलीय जिथे तीन ठिकाणी तीन वेगळ्या लोकांनी तोच फॉर्म्युला लिहिला होता आणि तिन्हींत राउंडिंग वेगळं होतं. दशांशाचं पण विचारा, पैशाच्या हिशोबाला संगणकाचे फ्लोटिंग पॉइंट आकडे वापरले की ०.१ अधिक ०.२ बरोबर ०.३ येत नाही, शेपूट उरतं, आणि ते शेपूट नेमकं राउंडिंगच्या काठावर सापडतं.

चौथं, मागची तीन महिन्यांची शिपमेंटं एकदम इंजिनमधून चालवता येतात का? आम्ही याला रीप्ले म्हणतो. नवा नियम लावायच्या आधी जुन्या मालावर चालवून बघायचा, कोणत्या कस्टमरचा रेट किती हलतो ते दिसतं. हे नसलेलं सॉफ्टवेअर मी तरी घेणार नाही.

आणि सवलतीचं कारण निवडायला जी यादी देतात त्यात "इतर" ठेवू नका. आमच्या एका क्लायंटकडे सहा महिन्यांनी निम्म्याहून जास्त सवलती "इतर" खाली होत्या. यादी छोटी ठेवा, सात आठ कारणं, आणि लोकांना नवं कारण सुचवता येऊ दे.

बिलघर
कोटेशनवर सगळे बोलतात, बिलाकडे कुणी बघत नाही, म्हणून मी लिहिते.

कोटेशन एकसारखं झालं तरी बिल वेगळं जातंच. माल आल्यावर पुन्हा वजन केलं तर वाढलेलं, खोके एकावर एक रचता येत नाहीत हे आधी सांगितलेलंच नाही, ट्रक थांबून राहिला, कंटेनर उशिरा परत आला त्याचं डिटेन्शन (उशिराचा आकार). हे सगळं कुणीतरी व्हॉट्सॲपवर सांगतं आणि मी हाताने लावते. मी लावलेला आकडा आणि शेजारच्या टेबलवर लावलेला आकडा वेगळा. मग क्रेडिट नोट, म्हणजे बिलातली जास्तीची रक्कम कमी केल्याचा कागद. महिनाअखेरीला मी बिलं कमी आणि क्रेडिट नोटा जास्त काढतेय की काय असं वाटायचं मला.

त्यामुळे मूळ भाड्याइतकंच या वरच्या आकारांचं दरपत्रकही सिस्टीममध्ये पाहिजे आणि कोटेशन देतानाच कस्टमरला दिसलं पाहिजे. किती वेळ थांबणं फुकट, त्यानंतर तासाला किती, हे आधी लिहून दिलं की भांडण निम्मं तिथेच मिटतं.

दुसरा मुद्दा, सगळं धरून एकच आकडा द्यायची सवय सोडा. १ जानेवारी २०२० पासून जहाजांच्या इंधनातल्या गंधकाची मर्यादा ३.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यावर आली, महाग इंधन आलं आणि लाइनवाल्यांनी त्याचा अधिभार लावला. नंतर २०२३ च्या शेवटी लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, जहाजं केप ऑफ गुड होपला वळसा घालून जायला लागली, रोज नव्या अधिभाराची नोटीस. आमच्यात ज्यांनी मूळ भाडं, इंधन, बाकीचे आकार अशा वेगळ्या ओळी दिल्या होत्या त्यांना कस्टमरला नोटीस दाखवून तेवढी ओळ बदलता आली. ज्यांनी एकच आकडा दिला होता त्यांना प्रत्येक कस्टमरशी पहिल्यापासून घासाघीस, आणि प्रत्येकाने वेगळं काहीतरी कबूल केलं. रेट फुटायची सुरुवात तिथून झाली आमच्याकडे.

जुनीपानं
जरा इतिहास सांगतो, विषयाला धरूनच आहे.

एकाच मालाला वेगवेगळं भाडं ही तक्रार इतकी जुनी आहे की अमेरिकेत १८८७ साली त्यावर कायदा झाला. रेल्वे कंपन्या मोठ्या गिऱ्हाइकांना आतून सूट द्यायच्या आणि लहान शेतकरी व्यापाऱ्यांकडून जास्त घ्यायच्या, कधी कधी तर त्याच मार्गावर लांबच्या अंतरापेक्षा जवळच्याचं भाडं जास्त. त्यासाठी इंटरस्टेट कॉमर्स कमिशन आलं आणि दरपत्रक जाहीर करणं बंधनकारक झालं. ट्रकवाले १९३५ मध्ये त्याच कमिशनखाली आले.

पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. १९८० मध्ये तिथे ट्रकिंगवरचे निर्बंध सैल झाले, स्पर्धा वाढली, ट्रकवाले गिऱ्हाइकाला तोंडी कमी रेट द्यायला लागले पण कमिशनकडे नोंदवलेलं दरपत्रक जुनंच. मग अनेक कंपन्या बुडाल्या, आणि बुडालेल्या कंपन्यांच्या वतीने जुन्या गिऱ्हाइकांना बिलं गेली की नोंदवलेल्या आणि दिलेल्या रेटमधला फरक भरा. असं एक प्रकरण, मेस्लिन इंडस्ट्रीज विरुद्ध प्रायमरी स्टील, सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि १९९० मध्ये कोर्टाने नोंदवलेला दरच खरा धरला. शेवटी १९९३ मध्ये वेगळा कायदा करून ते निस्तरावं लागलं. तोंडी रेट एक आणि नोंदीतला रेट दुसरा, ही @सेल्सकट्टा यांनी सांगितलेलीच गोष्ट आहे.

अजून एक इशारा. एकसारखे दर आपल्या कंपनीच्या आत ठेवायचे. प्रतिस्पर्ध्यांशी जुळवायला गेलात तर ते कार्टेल होतं. विमान मालवाहतुकीत १९९९ ते २००६ या काळात कंपन्यांनी इंधन आणि सुरक्षा अधिभार आपसात ठरवले, युरोपियन कमिशनने २०१० मध्ये दंड केला, तो निर्णय प्रक्रियेच्या मुद्द्यावर कोर्टात रद्द झाला तर २०१७ मध्ये ११ कंपन्यांना पुन्हा सुमारे ७७.६ कोटी युरोचा दंड लावला. म्हणून सॉफ्टवेअरवाला "बाजारभाव सुचवतो" म्हणाला तर तो आकडा कुठून येतो हे नक्की विचारा. तुमचे खासगी रेट त्याच्या बाकीच्या ग्राहकांच्या सूचनेत मिसळले जात असतील तर वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका.

चारजण
आम्ही फक्त चार माणसं आहोत, मोठं सॉफ्टवेअर परवडणार नाही. एक्सेलवर भागेल का?

दरपत्रक
भागेल की. फाइल एकच, ऑनलाइन, तिचा मालक एकच माणूस, बाकीच्यांना फक्त वाचायची परवानगी. प्रत्येक रेटसमोर मुदतीची तारीख आणि मुदत गेली की सेल लाल होऊन आकडा दिसेनासा व्हावा (फक्त लाल करून उपयोग नाही, लोक लाल आकडाही वापरतात). गणिताचा सेल लॉक. आणि दिलेल्या प्रत्येक कोटेशनला क्रमांक देऊन एका यादीत नोंद. फाइलची कॉपी कुणी आपल्या डेस्कटॉपवर नेली की सगळं मुसळ केरात, तेवढं सांभाळा.

सेल्सकट्टा
वरचं सगळं वाचून काढलं. बिलघर ताईंचं वाचून जास्त वाईट वाटलं कारण मी दिलेले गोल आकडे कुणाच्या टेबलवर जाऊन पडतात याचा विचार कधी केला नव्हता.

माझ्याकडून एक सुचवतो. सेल्सवाल्याला पट्टा द्या. सिस्टीमने काढलेल्या रेटच्या खाली अमुक टक्क्यांपर्यंत मी कारण निवडून लगेच रेट देणार, कुणाला विचारणार नाही. त्याच्या खाली गेलो तर अप्रूव्हल, पण त्याला घड्याळ लावा, ३० मिनिटांत उत्तर नाही तर विनंती आपोआप वरच्याकडे. आणि खर्चाचा तळ मला दिसू दे. तळच माहीत नसेल तर मी अंधारात घासाघीस करतो आणि कस्टमरचं ऐकत खाली खाली जातो. बरेच साहेब तळ लपवतात, सेल्सवाला तिथेच जाऊन बसेल या भीतीने. माझा अनुभव उलटा आहे, तळ दिसला की माणूस त्याच्यापासून लांब राहायला बघतो.

कोडखुंटी
३० मिनिटांचं घड्याळ +१. आणि हे बहुतेक चांगल्या सिस्टीममध्ये सेटिंगमध्येच असतं, वेगळं बनवावं लागत नाही.

रस्तारूळ
मंडळी, पाच आठवड्यांनी परत आलोय.

डेमो पुढे ढकलले. साहेब आधी नाराज झाले, मग मी ती तीन कोटेशनं परत त्यांच्यासमोर ठेवली. दरपत्रक यांनी सांगितल्याप्रमाणे ४० इन्क्वायऱ्या घेतल्या आणि अकराच्या अकरा जणांना बसवलं. ४० पैकी सगळ्यांचा आकडा जुळला अशा फक्त ६ निघाल्या. खोलीत शांतता होती तेव्हा. कुणी कुणावर ओरडलं नाही कारण प्रत्येकाचं कुठे ना कुठे चुकलेलं होतं.

सगळ्यात मोठं भांडण इंधन अधिभारावर झालं, अख्खी दुपार गेली. शेवटी डिस्काउंट कापल्यानंतर लावायचा असं ठरलं आणि लिहून सगळ्यांच्या सह्या घेतल्या. मार्जिन म्हणजे विक्रीवरच, हे ठरायला दहा मिनिटं लागली. रस्त्याच्या मालात तर कुणी एक घनमीटरला ३३३ किलो धरत होतं, कुणी २५०, हे मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. एकूण २७ नियम झाले.

कुणी बोललं नव्हतं असं एक सापडलं, कस्टमरची नावं. एकच कस्टमर आमच्याकडे चार स्पेलिंगांनी चार वेळा नोंदलेला, चारही ठिकाणी वेगळं डिस्काउंट. यादी साफ करायलाच दोन आठवडे लागले आणि ते काम एका नव्या मुलीने एकटीने केलं, तिचं खरंच कौतुक.

मग डेमो घेतले, पण उलटे. आम्ही आमच्या त्याच ४० इन्क्वायऱ्या आणि २७ नियम त्यांना दिले, म्हटलं याची उत्तरं काढून आणा. एकाने आणलीच नाहीत. एकाची ३१ जुळली. तिसऱ्याची ३८, आणि उरलेल्या दोनमध्ये आमचाच नियम संदिग्ध होता हे त्याने दाखवून दिलं. त्याच्याशी बोलणी चालू आहेत. सेल्ससाठी पट्टा आणि ३० मिनिटांचं घड्याळ दोन्ही मागितलंय, तळही दाखवणार आहोत.

त्या कस्टमरला मी स्वतः जाऊन भेटलो. एकच कोटेशन नेलं, पूर्ण फोड करून, आणि तिघांचे आकडे वेगळे का आले तेही कागदावर मांडून दाखवलं. मागच्या वर्षी वेट ब्रेक चुकल्यामुळे त्याच्याकडून तीन वेळा जास्त घेतलं होतं तेही सांगितलं आणि परत करतो म्हटलं. तो बराच वेळ कागद बघत राहिला, मग म्हणाला पुढच्या महिन्याचा माल पाठवतो.

आता एक अडलंय. काही जुने करार आहेत, सगळं धरून एकच गोल आकडा, वर्षाअखेरपर्यंतचे. ते इंजिनमध्ये कसे बसवायचे? २७ पैकी एकाही नियमात बसत नाहीत.

बिलघर
बसवायचा प्रयत्न करू नका, आम्ही केला होता आणि उलटं गणित मांडून मूळ भाडं काढायच्या नादात नवीनच घोळ झाला. तो आकडा जसाच्या तसा "ठरलेला करार" म्हणून वेगळ्या नोंदीत टाका, शेवटची तारीख घाला आणि संपायच्या ६० दिवस आधी सेल्स आणि प्रायसिंग दोघांना आठवण जाईल असं लावा. आणि प्रत्येक बिलाच्या वेळी इंजिनने काढलेला रेट शेजारी नुसता नोंदवत जा, कस्टमरला दाखवायचा नाही. नूतनीकरणाला बसाल तेव्हा वर्षभराचा फरक हातात असेल.